वाळवीचे खरे नातेवाईक

चिमट्याने ठेवलेल्या गोड पाकाकडे एकही वाळवी फिरकली नव्हती. असं का?

चिमटा हा तिलारीच्या जंगलातल्या ‘झाडांवरच्या शाळे’चा यंत्रमानव. ही अख्खी शाळा लाकडी खांबांवर उभी होती आणि मधल्या खांबाला वाळवी लागली होती. अभियंता केरकर बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, “महिन्याभरात वाळवी गेली नाही, तर शाळा उतरवावी लागेल.”

सहावीतली शरयू हे ऐकून रडवेली झाली. तिच्या वैदेहीमावशी कीटकशास्त्रज्ञ होत्या. त्या मदतीला आल्या, तेव्हा शरयू चिमट्याशी वादच घालत होती.

“पाकात औषध घालायचं तुला कुणी सांगितलं?”

“माझ्या माहितीत वाळवी म्हणजे पांढरी मुंगी,” चिमटा म्हणाला. “राणी असते, कामकरी असतात, वारूळ असतं. मुंग्यांना गोड आवडतं.”

“खांबाच्या आत बघू या का?” शरयूने विचारलं.

चिमट्याने केसाएवढा बारीक कॅमेरा भोकातून आत सोडला. पडद्यावर फिकट पिवळट किड्यांची लगबग दिसू लागली. शरयू बराच वेळ पाहत राहिली.

“मावशी, मुंग्यांच्या घरात कोष असतात ना? अळी कोषात जाते आणि मुंगी होऊन बाहेर येते. इथे एकही कोष नाही! पिल्लं अगदी मोठ्यांसारखीच आहेत, फक्त लहान. आणि राणीजवळ राजासुद्धा आहे.”

“अशी पिल्लं आणखी कुठे पाहिलीस?”

शरयूने डोळे मिटले. स्वयंपाकघर, ओट्याखालचा कोपरा... “ईऽऽ! झुरळाची!”

मावशी हसल्या. “आता जनुकांना विचारू. जनुकं म्हणजे पेशींमधल्या सूचना. आईबापांकडून त्या पिल्लांना मिळतात. दोन जीवांची जनुकं जितकी जुळतात, तितकं त्यांचं नातं जवळचं.”

चिमट्याने वाळवीच्या जनुकांची इतर कीटकांच्या जनुकांशी तुलना केली आणि पडद्यावर वंशवृक्ष (कोण कोणापासून वेगळं झालं ते दाखवणारी आकृती) उमटला. मुंगी एका फांदीवर होती, मधमाशी आणि गांधीलमाशीच्या शेजारी. वाळवी पार दुसऱ्या टोकाला, झुरळांच्याच फांदीवर! तिच्या अगदी जवळ होतं जंगलात लाकूड खाणारं एक झुरळ.

“दोघांच्याही पोटात लाकूड पचवणारे सूक्ष्मजीव असतात,” मावशी म्हणाल्या. “पिल्लांना ते मोठ्यांकडूनच मिळतात, म्हणून एकत्र राहावं लागतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी अशाच एका झुरळाच्या कुटुंबातून वाळवीची वसाहत घडली असावी.”

“मग मुंगीसारखी का वागते?” चिमटा गोंधळला.

“वटवाघूळ उडतं म्हणून ते पक्षी होतं का? राहणी सारखी असली तरी घराणी वेगळी असू शकतात.”

शरयू एकदम उडीच मारून उठली. “म्हणजे आपण मुंग्यांचं जेवण वाढत होतो! मावशी, यांना लाकूडच देऊ या, ओलं आणि मऊ!”

“शाबास! आणि औषधही बदलू. कामकरी मुंगी पूर्ण वाढलेली असते, ती कात टाकत नाही. वाळवीचे कामकरी मात्र टाकतात, नाहीतर ते जगत नाहीत. कात टाकणं रोखणारं औषध त्यांना बरोबर लागू पडेल.”

चिमट्याने भिजवलेल्या भुशात औषध कालवून ते खांबाशी ठेवलं. दुसऱ्याच दिवशी भुसा वाळवीने भरून गेला. किड्यांनी तो आत नेला, एकमेकांना भरवला. हळूहळू खांबातली लगबग थांबली.

महिना संपताना केरकर बाई आल्या. त्यांनी कॅमेरा आत घातला, खांब ठोकून पाहिला. सगळी मुलं खांबाभोवती गर्दी करून उभी होती.

“वाळवी गेली. खांबाला एक पट्टी ठोकू आणि शाळा इथेच राहील!”

असा जल्लोष झाला की झाडांवरचे धनेश पक्षी उडाले. केरकर बाईंनी शरयूची पाठ थोपटली.

“मावशी,” धापा टाकत शरयू म्हणाली, “ते लाकूड पचवणारे सूक्ष्मजीव आपण पाळले, तर शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करता येईल?”

“प्रयत्न चालू आहेत. अजून नीट जमलेलं नाही.”

“मला जमेल!” असं म्हणून शरयू धावतच शाळेचा जिना चढली.