सही राहिली

"आज परीक्षक येणार," घरातून निघताना तिने आईला सांगितलं. "मुलांना शिकवताना मला बघतील, बाई सही करतील, की झाले मी सहायक शिक्षिका. शिकाऊ नाही."

आणि दुपारी वर्गाच्या बाईंनी तिला साहित्याच्या खोलीत पिटाळलं. "पुठ्ठ्याची दोनशे अक्षरं कापून ठेव. परीक्षकांशी मी बोलते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्ष हेच. नाकं पुसायची तिने, उलट्या साफ करायच्या तिने, पुस्तक उचललं की बाई म्हणणार, "असू दे, तुला नाही जमायचं."

खोलीला खिडकी नव्हती. कुबट पुठ्ठ्याचा आणि जुन्या डिंकाचा वास नाकात बसत होता. ती दात-ओठ खात कापू लागली. कर्र... कर्र... पाणी प्यायला तिने कात्री खाली ठेवली.

आवाज थांबला नाही.

"कोण आहे?"

"मीच... शिकाऊ." कपाटामागून घोगरा आवाज आला. "तुलाही अक्षरंच दिली?"

"कधीपासून आहात तुम्ही इथे?"

"बाई म्हणाल्या, एवढं संपव... मग सही करते..."

तिने वाकून पाहिलं. कपाट आणि भिंत यांत जेमतेम हात जाईल एवढी फट. फटीत कापलेल्या अक्षरांचा छातीपर्यंत ढीग. तिच्या देखत त्यावर आणखी एक अक्षर पडलं.

भीतीच्या वर राग चढला, आणि ती तडक वर्गात शिरली.

"मुलांना मी वाचायला घेते. आत्ता."

"कापून झालं?" बाईंनी परीक्षकांसमोरच विचारलं.

"नाही. कपाटामागच्या त्या बाईंचंही झालेलं नाही."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "ती... अजून कापतेय?"

ती मुलांना घेऊन खाली सतरंजीवर बसली. कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीने बोट ठेवून अख्खी ओळ वाचली. परीक्षकांनी मान डोलावली. बाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्याच नाहीत. "रात्रीपासून घरीही नाहीत म्हणे," शिपाईकाका म्हणाले. "तुला काही बोलल्या का गं?"

साहित्याच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली बाईंकडेच असायची. तिने दाराला कान लावला. आत दोन कात्र्या चालल्या होत्या. एक सवयीची, संथ. दुसरी घाईघाईने, अडखळत.

"नाही काका," ती म्हणाली, आणि वर्ग घ्यायला गेली.