चर्चमध्ये जागा नव्हती

यातलं एक अक्षरही वाढवलेलं नाही. गावाचं नाव तेवढं सांगत नाही. दोंडाईच्याहून तासाभराच्या अंतरावर आहे, एवढं पुरे.

वेळ रात्रीची नव्हती. गेल्या मे महिन्यातला रविवार, भर दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

गावातलं जुनं दगडी चर्च पाडायचं घाटत होतं. छपराला तोलणाऱ्या लाकडी कैच्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. रुपचंद आबांचा जन्म तिथली घंटा वाजवण्यात गेला आणि म्हातारपण दुरुस्तीसाठी लोकांचे उंबरे झिजवण्यात. हिवाळ्यात ते गेले. मग त्यांची मुलगी सुलक्षणा तेच उंबरे चढू लागली.

दारं बहुतेक बंद असायची. मंडळीतली तरणी माणसं पुण्या-नाशिकला, बाकीची कबरस्तानात.

धुळ्याहून चर्चच्या ट्रस्टचे जगदीश सर फोनवर म्हणाले होते, "ताई, रिकाम्या इमारतीवर छप्पर कशाला? रविवारी मी येतो. माणसं दाखवा. नाहीतर पावसाआधी उतरवून घेऊ."

सुलक्षणानं घरोघर निरोप दिले. "येतो, येतो," सगळेच म्हणाले.

कुणी आलं नाही.

शेवटी ती घंटेच्या दोरीपाशी गेली. आयुष्यात तिनं एकदाच घंटा वाजवली होती, आबांना नेताना. तेव्हा वाजवायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. हाताला तेवढंच ठाऊक होतं...

एक टोला. थांबायचं. नाद विरला की दुसरा.

समोरच्या ओट्यावरून गुंताबाई ओरडली, "कोन मरनं वं पोरी?"

"कुणी नाही, अक्का! लोकांना बोलावतेय."

"मंग अशी काय वाजाडस? उपासनानी घंटा सलग ऱ्हास. हाई ते मौतनी शे! तुना बाप ऱ्हाता ते कान पिळता तुना."

सुलक्षणाला हसू आलं. लगेच रडूही आलं. तिनं दोरी सोडली.

आणि मग...

आत एक बाक सरकलं.

उन्हानं लाकूड तडकतं, तिनं स्वतःला समजावलं.

दुसरं बाक सरकलं. मग कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्या माणसाचं, छातीतून येणारं खाकरणं.

ती आत शिरली. बाकं रिकामी. वरची धूळ तशीच.

पण पाऊल घुमलं नाही.

त्या चर्चमध्ये पदर सावरला तरी आवाज घुमायचा. आज काहीच घुमेना. माणसांनी भरलेल्या खोलीत आवाज दबतो, तसा दबला होता...

आणि वास येत होता. कोऱ्या कापडाचा.

बाहेर गाडी थांबली. जगदीश सर पायऱ्या चढून आले आणि उंबऱ्यावरच थबकले.

"आत या ना, सर."

"नको, नको. इथंच बरा आहे." ते ओशाळून हसले. "मानलं ताई तुम्हाला. पाय ठेवायला जागा नाही. मला वाटलं, तुम्ही एकट्याच भेटाल."

सुलक्षणानं त्यांच्याकडे पाहिलं. मग बाकांकडे.

"पण एवढ्या उकाड्यात सगळ्यांनी पांढरं पांघरून..." सर बोलता बोलता थांबले. पुढच्या बाकांकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले,

"ताई... यांच्यातलं कुणीच घाम का पुसत नाही?"

उत्तराला ते थांबले नाहीत. गाडी वळवलीसुद्धा नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत उलटीच नेली.

पावसाआधी चर्च उतरवलं. ट्रस्टकडून एवढंच कळलं, की तिथं आता कुणी येत नाही.

त्या मोकळ्या जागेत गवत माजलंय. भिकनच्या शेळ्या शिरतात, पण जिथं बाकांमधली वाट होती, त्या सरळ पट्ट्यातच चरतात. दोन्ही अंगांचं गवत कमरेला लागलं तरी तोंड लावत नाहीत. भिकन म्हणतो, "जनावरले समजस."

जगदीश सर आबांना चांगले ओळखायचे. त्या माणसांत आबा होते का, हे सुलक्षणानं त्यांना अजून विचारलेलं नाही. नंबर आहे. सर फोन उचलतातही.

नाही म्हणाले, तर तिनं बोलावूनही आबा आले नाहीत.

हो म्हणाले, तर...

आबा आता उघड्यावर बसलेत.