बिस्किटं गार होतायत

लोरेनच्या खानावळीत त्या दुपारी सात माणसं होती. पाच जणांच्या डोक्यावर बेल्डन कॉलेजच्या हिरव्या टोप्या होत्या. सहावी खुद्द लोरेन. सातवा काउंटरपाशी एकटाच बसला होता आणि त्याचे गुडघे काउंटरखाली मावत नव्हते. रिकामी खुर्ची एकच होती, त्याच्या शेजारची.

टेसाने बुटांवरचा बर्फ झटकला आणि त्याच्याकडे पाहिलं. तिने त्याला लगेच ओळखलं. वेंडल प्रुइट, ऑर्डवे कॉलेजचा. उद्या बेल्डनशी बास्केटबॉलचा सामना होता तो ऑर्डवेचाच.

"अठ्ठ्याऐंशी," खुर्चीवर बसत ती म्हणाली.

"काय?"

"तुझे फ्री थ्रो. फाऊल झाला की रेषेवर उभं राहून फेकतोस ना, अडवायला कुणी नसतं तेव्हा. शंभरातले अठ्ठ्याऐंशी आत जातात."

"आणि उरलेले बारा?"

"ते उद्या."

तो मोठ्याने हसला. हिरव्या टोप्या वळून बघू लागल्या.

"म्हणजे तू रिंगमागच्या त्या घोळक्यातली."

"घोळक्यातली नाही, घोळक्याची पुढारी." ते खरंच होतं. पाहुण्या संघाचा खेळाडू रेषेवर आला की रिंगमागची बेल्डनची चारशे पोरं पाट्या हलवत ओरडायची, आणि पाट्या कशा हलवायच्या हे टेसा ठरवायची. "नुसत्या गोंधळाने काही होत नाही. डोळ्यांना त्याची सवय होते. सगळ्या पाट्या एकदम एकाच बाजूला सरकल्या, तर मात्र हात चुकतो."

"भौतिकशास्त्र शिकतेस की काळी जादू?"

"परीक्षा दोन्हीकडे असतात."

लोरेनने ताटली आणून ठेवली. ओव्हनमधून नुकतीच काढलेली मऊ बिस्किटं, वर लोणी वितळत होतं. "शत्रूच्या पोराला जादा लोणी देतेय," ती टेसाला म्हणाली. "उद्या जड झाला पाहिजे."

"उद्या नाही चालणार, मावशी," वेंडल म्हणाला. "उद्या व्यावसायिक संघाचा एक माणूस मला बघायला येतोय."

"मी नाही बघत ते सामने," टेसा म्हणाली. "खेळाडू आज या गावचा, उद्या त्या गावचा. जीव कुणाला लावायचा? कॉलेजचा पोरगा कसा, हरला तरी आपलाच असतो."

"मी तर तुझ्या कॉलेजचाही नाही."

"नाहीस ना..." ती म्हणाली, आणि उगाचच मीठदाणीकडे बघू लागली.

त्याने बिस्किट मोडलं. वाफ वर आली. टेसाने तिच्या मनात कितीतरी दिवस असलेला प्रश्न विचारला. "रेषेवर उभा असतोस तेव्हा तुझे ओठ हलतात. काय म्हणतोस?"

"हसशील."

"मोजणारी माणसं हसत नाहीत."

त्याने बिस्किटाचा तुकडा ताटलीत ठेवला. "आजीच्या अंगणात, शेडवर रिंग ठोकली होती. अंधार पडला की ती खिडकीतून हाक मारायची — वेन, बिस्किटं गार होतायत! मग एकच शेवटचा फेकायचा आणि आत पळायचं. तो कधी चुकायचा नाही. चुकलेल्या फेकीवर जेवायला कोण जाईल? अजून तेच मनात म्हणतो. मग बाकी काही ऐकू येत नाही."

"आजी बघायला येते?"

"गेल्या उन्हाळ्यात गेली." त्याने चमचा सरळ करून ठेवला. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही. पण मला का सांगितलंस?"

"बाकीचे फक्त टक्के विचारतात."

त्याची करंगळी तिच्या हातमोज्याला लागली... आणि तिथेच राहिली.

"उद्या सामन्यानंतर इथेच?" त्याने विचारलं.

"हरून, रडत येशील."

"येईन तर खरं."

दुसऱ्या दिवशी सामना शेवटच्या क्षणापर्यंत ताणला गेला. ऑर्डवे एका गुणाने मागे होतं आणि वेंडलला दोन फ्री थ्रो मिळाले होते. तोवरचे त्याचे सगळे आत गेले होते. टेसाच्या पाट्या डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या. त्याला ढिम्म फरक पडला नव्हता. आता तो रेषेवर आला, चेंडू आपटला आणि त्याचे ओठ हलू लागले.

त्या ओठांवर काय आहे हे एवढ्या मोठ्या गर्दीत तिला एकटीलाच माहीत होतं.

चारशे गळे तिच्या इशाऱ्याची वाट बघत होते. बेल्डनने ऑर्डवेला हरवल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने हात वर केला. सगळे एकदम गप्प झाले. रिंगमागे अशी शांतता कधीच नसते, म्हणून वेंडलने मान वर केली.

"वेन! बिस्किटं गार होतायत!"

त्याला आवाज शोधावा लागला नाही. त्याने सरळ तिच्याकडेच पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी हाक मारली की माणूस खिडकीकडे बघतं, तसा तो बघत होता.

पहिली फेक रिंगच्या कडेला लागून बाहेर आली. दुसरी रिंगपर्यंत पोचलीच नाही.

पोरांनी टेसाला खांद्यावर उचललं. चारशे जण तेच वाक्य म्हणत नाचत होते. वरून तिला तो दिसत होता. सगळे निघून गेले तरी तो रेषेवर उभा होता. तिला खाली उतरायचं होतं, पण कुणी उतरू देईना.

ती खानावळीत गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

टीव्हीवर तिचा आवाज पुन्हा पुन्हा लागला. आठवड्याभरात ते वाक्य छापलेले सदरे आले. वेंडल ज्या गावी खेळायला जाई, तिथली पोरं तेच ओरडत. अठ्ठ्याऐंशीचे चौसष्ट झाले. टेसाने आकडे बघणं सोडलं, तरी ते तिला कुणी ना कुणी सांगेच, वर शाबासकी देऊन. दर शाबासकीला तिचे कान तापत. ती हिरवी टोपी घालीनाशी झाली.

बर्फ वितळल्यावर एकदा ती लोरेनकडे गेली. लोरेनने कॉफी ओतली, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही.

"तो आला होता," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी. दोन ताटल्या मागवल्या. एक तशीच राहिली."

"हरल्यावर? त्या सगळ्यानंतर?"

"येईन म्हणाला होता ना? टीव्ही मीही बघते, पोरी. पण तो काही बोलला नाही तुझ्याबद्दल. दार उघडलं की तेवढा बघायचा."

दुसऱ्या दिवशी टेसा ऑर्डवेला जाणाऱ्या बसमध्ये होती.

सरावाच्या हॉलमध्ये तो एकटाच होता. तिला पाहून त्याने चेंडू काखेत धरला.

"पाट्या नाही आणल्यास?"

बसमध्ये तिने बरंच काही जुळवलं होतं. गर्दी, आवेश, तोंडातून निघून गेलं... त्यातलं एकही वाक्य बाहेर येईना.

"तोंडातून निघून गेलं नव्हतं," ती म्हणाली. "काय करतेय ते मला नीट माहीत होतं. हात वर केला तेव्हाच माहीत होतं. मला त्याची लाज वाटते. रोज वाटते."

त्याने चेंडू दोनदा आपटला. "आजीचा आवाज येत नाही आता. रेषेवर उभा राहिलो की तुझाच येतो."

"मी जाते."

"कुठे? सोमवारी त्या व्यावसायिक संघापुढे शेवटची चाचणी आहे. तिथे कुणीतरी ओरडणारच. शास्त्र शिकतेस ना? मग प्रयोग कर. रिंगखाली उभी राहा आणि म्हण."

"माझ्याने नाही होणार."

"त्या दिवशी झालं होतं."

ती रिंगखाली उभी राहिली. वाक्य कसंबसं बाहेर आलं. फेक चुकली. ती पुन्हा म्हणाली, खाली बघत. पुन्हा चुकली. तिसरीही बाहेर गेली.

"अशी लाजत नको म्हणू," तो म्हणाला. "आजी मला चुकवायला बघत नव्हती. जेवायला बोलावत होती."

टेसाने चेंडू उचलला आणि त्याच्याकडे टाकला. मग खिडकीत उभं राहून, ताटं मांडून झाल्यावर मारावी तशी हाक मारली.

जाळी सळसळली.

"पुन्हा," तो म्हणाला.

ती हाका मारत राहिली, चेंडू परत टाकत राहिली.

"दोन महिने तुझ्यावर रागावायचा प्रयत्न केला," मध्येच तो म्हणाला.

"जमलं?"

"अधूनमधून. टक्के काढू नकोस."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "लोरेनकडे एक ताटली राहिलीय माझी..."

"संध्याकाळी जाऊ. आधी पंचवीस पुरे होऊ देत."

शेवटच्या हाकेपर्यंत तिचा घसा बसला होता. चेंडू जमिनीवर टप्पे घेत तिच्या पायाशी येऊन थांबला. वेंडल रेषा ओलांडून तिच्याकडे चालत आला आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

"किती?" त्याने विचारलं.

"पंचवीसपैकी बावीस," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी टक्के."