बेडूकगाडीचा ठेका

समुद्र एकच, लाटाही त्याच, मग तांबडा तरंगा थयथय नाचतो आणि पिवळा नुसती मान डोलावतो, असं का?

हे कोडं आजोबांनी मला सकाळी घातलं होतं. दुपारचे तीन वाजले तरी ते सुटलं नव्हतं, कारण माझं लक्षच थाऱ्यावर नव्हतं. वारा अचानक फिरला होता. खाडीच्या तोंडाशी फेस दिसायला लागला होता, आणि आई अजून पलीकडून आली नव्हती.

२०६२ सालची ही गोष्ट. माझी आई बेडूकगाडी चालवते. गाडीचं सरकारी नाव उभयचर वाहन (जमिनीवर आणि पाण्यात, दोन्हीकडे चालणारी गाडी), पण आमच्या कातळबंदरात तसं कोणी म्हणत नाही. रस्त्यावर ती बस असते, धक्क्याच्या उतारावरून पाण्यात शिरली की होडी. तिचा आराखडा माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी केला. स्वप्नील आजोबा आयुष्यभर होड्यांचे तळ आखत आले. आता ते लाटांपासून वीज बनवणारं छोटं केंद्र सांभाळतात. आम्ही दोघं तिथल्याच खिडकीत उभे होतो. समोर ते दोन तरंगे (पाण्यावर तरंगणारी मोठी पोकळ पिंपं) वरखाली होत होते, आणि त्यांच्या हलण्यातून वीज तयार होत होती.

"सावनी, मोजलंस का?" आजोबांनी विचारलं. त्यांचीही नजर तरंग्यांवर नव्हती.

मी मोजलं होतं. केंद्रामागच्या शांत डबक्यात दोन्ही तरंगे दाबून सोडले की तांबडा एक हेलकावा चार सेकंदांत पुरा करायचा. पिवळा मोठा आणि जड, त्याला आठ लागायचे. हा त्यांचा आपापला ठेका. आज लाटा दर चार सेकंदांनी येत होत्या.

"म्हणजे तांबड्याचा ठेका आणि लाटांचा ठेका एकच!" मी म्हटलं. "झोपाळ्यासारखं. नेमक्या वेळी ढकललं की झोका वाढतच जातो, भलत्या वेळी ढकललं की नाही वाढत."

"शाबास. याला अनुनाद म्हणतात (बाहेरचे धक्के वस्तूच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळले की हेलकावा वाढत जातो, ते). वीज करायची तर तो हवा."

एवढ्यात बेडूकगाडी दिसली.

मला आधी आनंद झाला. मग मी दुर्बीण लावली. गाडी डावीकडे कलत होती, उजवीकडे कलत होती, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त. वळायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना खडक, मधे चिंचोळी वाट, आणि लाटा नेमक्या गाडीच्या कुशीवर येत होत्या. आत आईबरोबर मंगळवारच्या बाजाराहून परतणारी अठरा माणसं होती.

मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजलं. चारच.

"आजोबा, ती तांबड्यासारखी हलतेय!"

आजोबांनी वायरलेस उचलला. "गौरी, माणसां खंय बसली हत?"

"मधी," आईचा आवाज खरखरत आला. "तांडेलकाकांनी सगळ्यांका मधी घेतल्यानी. तांदळाची पोतीपण मधीच. तरी हलता हा, बाबांनू! पाणी काठाक लागता हा!"

भिकाजी तांडेल म्हणजे आमच्या बंदराचे सगळ्यात जुने खलाशी. वादळ आलं की भार मधे घ्यायचा, काठ मोकळे ठेवायचे, हा त्यांच्या वाडवडिलांचा नियम. खोल पोटाच्या जुन्या लाकडी होड्यांना तो बरोबर लागू पडायचा. ही गाडी मात्र रुंद आणि सपाट तळाची, त्यातून जड बॅटऱ्या तळाशी मधोमध बसवलेल्या. ती आधीच झटपट डावीउजवीकडे हलणारी. सगळा भार मधे गोळा झाल्यावर तिचा ठेका आणखी जलद झाला आणि थेट लाटांशी जुळला.

"डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालताना लांब काठी का धरते?" आजोबा पुटपुटले. "वजन दोन्हीकडे लांब असलं की कलायला वेळ लागतो. भार काठाला न्या, ठेका संथ होईल." त्यांनी तेच वायरलेसवर सांगितलं.

"खुळो झालंस काय?" तांडेलकाका गरजले. "काठार बसवून माणसां दर्यात टाकतलंस? सत्तर वर्सां माझी पाण्यात गेली!"

आजोबांनी वायरलेस खाली ठेवला. त्यांचं चुकलं तर पोरगी त्यांचीच जाणार होती, आणि माझी आई. मला रडू येत होतं. तरी मी वायरलेस घेतला.

"तांडेलकाकांनू, मी सावनी. तुमका लाट पायांनी कळता ना? मग लाट मोजा, आणि गाडीचो हेलकावोपण मोजा. फक्त तीनदा."

खरखरीतून काकांचं मोजणं ऐकू आलं.

"एकच ताल हा गो," काका हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "ऐका सगळ्यांनी! दोघां-दोघांनी सरका. एक डावीकडे, एक उजवीकडे. उभ्यान नको, खाली बसान! दांडो धरा!"

जोडी जोडीने माणसं सरकली. मागून एकेक पोतं तसंच गेलं. मधेच एक मोठा हेलकावा आला, वायरलेसवर कोणीतरी किंचाळलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

"मोज," आजोबा म्हणाले. "सावनी, मोज!"

एक, दोन, तीन, चार... आणि जवळजवळ पाच. आता लाट कधी वेळेवर ढकलत होती, कधी उलट्या वेळी अडवत होती. हेलकावा मेला नाही, पण वाढायचा थांबला. दहा मिनिटांनी गाडीची चाकं धक्क्याच्या उताराला लागली.

आई उतरली ती सरळ आजोबांकडे गेली. "बॅटऱ्या मीच मधी घातलंय," ते म्हणाले. "कोणी सांगूक नव्हता. चालवणारी तू, म्हणान गाडी कलाची नाय अशी जितकी घट्ट करता येयत तितकी केलंय. भियान केलंय, गौरी."

"आता काठाक बसवा," आई म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

महिनाभरात बॅटऱ्या दोन्ही कुशींत गेल्या. पुढच्या गाडीत वजनं लाटा बघून आपोआप सरकतील, असं आजोबा म्हणतात. कागद तर पसरून बसलेत. तोवर दर खेपेआधी गाडी धक्क्यालगत हलवून ठेका मोजतात. मोजणारे अर्थात तांडेलकाका.

त्यानंतरच्या पहिल्या फेरीला मीही गेले. भीती वाटत होती, नाही असं नाही. काकांनी मला डाव्या काठाला बसवलं, स्वतः उजव्या काठाला समोर बसले. मग माझ्याकडे आणि स्वतःकडे नीट बघितलं, उठले, आणि माझ्या शेजारी नारळाचं एक भलंमोठं पोतं आणून ठेवलं.