पाळीवरचं रडणं

"परत फिर, टेकचंद! ऐकून राहिला का?" शामकलानं चुलतभावाचा सदरा मागून ओढला.

तिन्हीसांज झाली होती. तलावावर धुकं उतरत होतं आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पलीकडच्या झुडपांतून रडणं येत होतं. तान्हं लेकरू रडावं तसं! मध्येच थांबे, मग घुसमटल्यासारखं पुन्हा सुरू होई.

"भूत-वूत कुछ नहीं होता!" टेकचंद म्हणाला. तो गोंदियाच्या शाळेत शिकायचा, दिवाळीच्या सुट्टीत काकाकडे आला होता. बोलताना त्याचे दात वाजत होते.

"मंग जा ना पुढं," शेजारचा पुनाराम म्हणाला. "काऊन थांबला?"

"मी... मी शामकलासाठी थांबलो!"

केशोरीपलीकडच्या त्या जंगलकाठच्या गावात सगळे एकच सांगत. पूर्वजांनी तलाव बांधला तेव्हा पाळ टिकेना, म्हणून एक लेकरू पाळीत गाडलं होतं म्हणे. तेच आता जागं झालं. मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, भाचा चुन्नीलाल तर घरोघर बजावत फिरत होता, "पाळीकडे फिरकू नका!" आणि मोठी माणसं? त्यांनी नारळ फोडले, शेंदूर फासला, दारं लावून घेतली. अरे, लेकरू रडतंय तर जाऊन बघावं, एवढं एकाच्याही डोक्यात येऊ नये?

शामकलाच्या डोक्यात आलं. "भूत असो का काही असो, रडते तर भूक लागली असन त्याले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिघं निघाले. शामकलाच्या हातात भाताची पेज होती. पाळीपलीकडे एकही पाखरू बोलत नव्हतं. झुडपं बाजूला केली तर आत फांद्यांनी झाकलेला, शिकारीचा लाकडी ओंडक्यांचा पिंजरा! मागच्या कप्प्यात कुत्र्याचं एक पिवळं पिल्लू होतं. गळ्यात ओंडक्याला बांधलेला तारेचा फास. शामकलानं फटीतून हात घातला मात्र, पिल्लू किंचाळलं. तेच रडणं!

"शामकला, खाली पाय," पुनाराम कुजबुजला.

ओल्या मातीत बिबट्याचे पंजे उमटले होते. पिंजऱ्याभोवती फिरून गेलेले.

तेवढ्यात पावलं वाजली. तिघं झुडपात दडले. चुन्नीलाल गड्यासोबत आला आणि त्यानं टोकदार काठीनं पिल्लाला टोचलं. "रड! तालुक्याच्या साहेबाले बिबट्याचं कातडं पाहिजे! जोरानं रड!"

"मालक, गाववाले लय भेले हो," गडी म्हणाला.

"भेऊ दे! कोनी इकडं आलं तर बिबट बिचकन ना!"

ते गेल्यावर टेकचंद रागानं झुडपातून बाहेर आला. "चला, आजोबांना सांगू!"

"आणि चुन्नीलाल म्हणन, पोरं खोटं बोलून राहिली," शामकला म्हणाली. "पिल्लूच नेऊन दाखवू."

पण नेणार कसं? हात दिसला की पिल्लू उसळे आणि फास आणखी आवळे. शांत झाल्याशिवाय तार सुटणार नव्हती.

मग रोज दुपारी शामकला पिंजऱ्याला टेकून, पिल्लाकडे न बघता, बाजूला तोंड करून बसू लागली. पेजेत बुडवलेला हात नुसता ठेवून द्यायचा. हलवायचा नाही.

"हाताला मुंग्या आल्या असतील तुझ्या," टेकचंद म्हणे.

"चूप! ते हुंगून राहिलं!"

आधी त्यानं बोटं चाटली. मग एका बोटानं त्याच्या छातीला स्पर्श, आणि लगेच हात मागे. अंग चोरलं की थांबायचं. हळूहळू कान झाले, पंजे झाले. शेवटी ते हातावर हनुवटी टेकून डोळे मिटू लागलं. पण संध्याकाळी काठी येई आणि पाळीवर रडणं घुमे. शामकला घरी कानात बोटं घालून बसे.

ज्या दुपारी तिनं तारेला हात घातला, त्याच दुपारी झाडावरचं वानर सावध होऊन खकरलं. खक्! खक्! वारा नव्हता, तरी समोरचं गवत हललं.

"शामकला... बिबट!" टेकचंद कुजबुजला.

"पळू नका," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. तिची बोटं तारेचा पीळ उलगडत होती. पिल्लाचं काळीज तिच्या तळव्याखाली धडधडत होतं. आता ओरडलं असतं तर संपलं होतं! ते ओरडलं नाही. पुनारामनं मागचं दार उचललं, शामकलानं पिल्लू पदरात घेतलं आणि तिघं उलट्या पावलांनी, गवताकडे तोंड ठेवून, पाळीवर चढले.

चावडीवर गाव जमलं. शामकलाचा आजा केशोराव गावचा पाटील होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

चुन्नीलाल खो खो हसला. "हे पिल्लू रडत होतं? पाहा ना, तोंडातून आवाज नाही!"

पिल्लू या हातातून त्या हातात गेलं. वच्छलाकाकूनं कान ओढले, बिसरामनं शेपटी धरली. ते चूप! लोक हसू लागले.

"रडवून दाखव, पोरी," केशोराव म्हणाला.

शामकलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही रडवणार! मले खोटी म्हणा पाहिजे तर!"

"आण इकडं, फेकून देतो!" चुन्नीलाल पुढे झाला आणि त्यानं पिल्लाची मानगूट धरली.

चावडीवर रडणं घुमलं. तान्ह्या लेकरासारखं, घुसमटलेलं! वच्छलाकाकूच्या कमरेवरची घागर खाली पडली. भर दिवसा पाळीचं भूत सगळ्यांच्या मधोमध रडत होतं.

शामकलानं पिल्लू हिसकावून घेतलं आणि सगळ्यांकडे पाठ करून भुईवर बसली.

केशोराव उठला. "चुन्नीलाल, बिबट गावात बोलावला तू! आमची लेकरं खाल्ली असती तर? चल, तो पिंजरा तुझ्याच हातानं फोड. साहेबाले मी सांगतो कातड्याचं!"

मग तो लोकांकडे वळला. "आणि आपण? नारळ फोडत बसलो! या तीन पोरांएवढीही अक्कल नाही आपल्याले!" नातीजवळ येऊन तो गरजला, "शाब्बास, शामकला! शाब्बास रे पोरांनो!"

शामकलानं मान वर केली.

"शाब्बास नंतर दे, आजा. हळू बोल. ते आत्ताच झोपलं."