सहा नंबरचा उखाणा

बस हितं, श्रेया. लाईट काय तासाभरात येत न्हाय, तोवर मोबाईलचा उजेड धर मिक्सरवर. उद्या इंदापूरला तुला एकटीला साउंड लावायचाय ना? मग नीट बघ. माईकची पिन एक नंबरला, दुसरा माईक दोनला, गाण्यांचा मोबाईल तीनला. बटणं सगळी शून्यावर. चालू करताना आधी मिक्सर, मग अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर. उलटं केलंस तर स्पीकर असा धाडकन वाजतो की म्हातारी माणसं छाती धरत्यात. बाकी त्यात अवघड काय न्हाय.

आता ही सहा नंबरची जागा. हिच्यावर चिकटपट्टी का मारलीय, हे विचारून विचारून माझं डोकं खाल्लंस ना? सांगते. तू माझी जाऊ खरी, पण ह्या घरात आलीस ती ह्यांच्या माघारी. तुला ह्यांचा आवाजबी ठाऊक न्हाय.

लई लाजाळू माणूस, बाई. दुसऱ्याचा आवाज चार गावांना ऐकवायचे आन् स्वतःचा घशातच. आमच्या लग्नात मी झोकात उखाणा घेतला. मग ह्यांची पाळी आली. माईक ह्यांनीच जोडलेला. तोंडाशी धरला, दोनदा खाकरले आन् म्हणले, "नंतर घेतो." मांडव हसून हसून बेजार. ते 'नंतर' अकरा वर्षं आलंच न्हाय. सदानकदा आपलं "अगं" न्हायतर "ऐकलंस का." मी चिडवायची, भांडायचीबी. "एकदा तरी नाव घ्या की वं माझं, जीभ झडणार हाय का तुमची?" नुसते हसायचे. मग भिगवणच्या पुढं हायवेला टेंपो उलटला आन् सगळं संपलं. माणूस गेल्याचं दुःख तर हायेच. पण माझं नाव त्यांच्या तोंडातच राहिलं, ते कुणाला सांगू? सांगितलं तर लोकं हसतील.

तर, गेल्या संक्रांतीनंतर वरकुट्यात बायकांचं हळदीकुंकू व्हतं. दुपारी तीनची वेळ. शाळेतल्या सरोजिनी मॅडमनी साउंड सांगितला. बाई तशी चांगली. पण मी गेल्या गेल्या हळूच म्हणली, "उत्कर्षा, तू कनातीमागं बस हं. तुझं वाण मी घरी पोचवते."

कळलं ना? हळदीकुंकवात विधवा समोर नको. मी "व्हय मॅडम" म्हणले. काय म्हणणार? कनातीमागं टेबल टाकलं. एक स्पीकर मांडवात उभा केला, दुसरा लांब देवळाच्या पारावर. पहिल्या तीन जागा जोडल्या. चार, पाच, सहा मोकळ्या. हे मी माझ्या हातानं केलं, श्रेया, त्यात चूक न्हाय.

बायकांचे उखाणे सुरू झाले. "भिगवणला गेले, आणली मासळी ताजी, ऋषिराजरावांचं नाव घेते, सासूबाई झाल्या राजी." हशा, टाळ्या, मग पुढची. मी हेडफोन लावून आवाज कमी-जास्त करत बसलेली. कनातीच्या पिवळ्या कापडातनं ऊन यायचं, त्यात सगळ्यांच्या सावल्या हलत व्हत्या. मागं ऊस सळसळत व्हता. आन् मधीच कधीतरी तो सळसळायचा थांबला.

मग वास आला. वायरीला सोल्डरिंग करताना धूर निघतो ना, तो. आसपास कुणी न्हाय...

मिक्सरकडं बघितलं तर सहा नंबरची हिरवी बत्ती लुकलुकत व्हती. कुणी बोलतंय, थांबतंय, परत बोलतंय, अशी. मी मागं हात घालून चाचपलं. वायर न्हाय. पिन न्हाय. नुसतं भोक, आन् ते गार पडलेलं.

म्हणलं बिघडला मिक्सर. हेडफोनमधी फक्त सहा नंबर ऐकायचं बटण दाबलं. आधी खरखर. मग कुणीतरी खाकरलं. एकदा... परत एकदा.

अगं, अकरा वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्याचं खाकरणं मला कळणार न्हाय व्हय? अंगावर सरसरून काटा आला, पण पळावं असं न्हाय वाटलं. डोळ्यांतनं नुसत्या धारा.

"वायरीला वायर जोडली..." लई बारीक आवाज, खोल विहिरीतनं आल्यासारखा. "आवाज गेला दूर..."

आन् थांबले. लाजले असतील. मी मनात म्हणले, घ्या, आता तरी घ्या... आवाज आणखी बारीक झाला. पुढचा शब्द निसटू नये म्हणून मी हेडफोनचं बटण वाढवायला गेले. डोळ्यांत पाणी, बटणं धड दिसंनात. सापडलं ते मेन, सगळ्या स्पीकरांचं. पार वरपर्यंत सारलं मी ते!

मांडवात माईक उघडा, स्पीकर समोर. अशी शिट्टी बसली की पोरंबाळं रडाया लागली. "उत्कर्षा, बंद कर!" मॅडम किंचाळल्या. मी सगळी बटणं खाली ओढली. शिट्टी थांबली. सहा नंबरची बत्तीबी विझली. परत सगळं वर केलं, कान लावून बसले, कार्यक्रम संपेस्तोवर बसले. काय न्हाय. माझ्या हातानं मी माझं नाव बुडवलं, श्रेया. असा हात तोडून टाकावा वाटला.

सांजच्याला पारावरचा स्पीकर सोडवाया गेले. तितं सारजाबाई शेळ्या घेऊन बसलेली. तीबी माझ्यासारखीच, म्हणून मांडवात गेली न्हवती. मी म्हणले, "आत्या, शिट्टीनं कान फुटला असंल तुमचा."

"शिट्टी? हितं कुठली शिट्टी? मी तर उखाणे ऐकत व्हते. तुझ्या रणजितनं किती ग्वाड घेतला गं! जुना भरून ठेवलेला का?"

माझ्या हातातनं वायर गळाली. "काय... काय म्हणले, आत्या?"

म्हातारीनं डोळे मिटून जसाच्या तसा म्हणला:

"वायरीला वायर जोडली, आवाज गेला दूर,
उत्कर्षाचं नाव घेतो, झाला जरा उशीर."

मी तितंच पारावर बसले. हुंदका काय आवरंना. साऱ्या गावात एकट्या शेळ्या राखणाऱ्या म्हातारीनं ऐकलं, आन् मी न्हाय. पण घेतलं की वं नाव, घेतलं शेवटी... असं म्हणत मी लहान पोरीसारखी रडले. सारजाबाई पाठीवरनं हात फिरवत राहिली.

मग म्हणली, "रडतीस कशाला? तूबी तर लगेच बोललीस की."

"मी?"

"व्हय. त्यानं नाव घेतलं, आन् मागोमाग तुझा आवाज आला. 'थांबा, आलेच,' म्हणलीस. तुझाच आवाज, मला काय वळकत न्हाय?"

श्रेया, उखाणे सुरू झाल्यापासनं मी तोंडातनं एक शब्द काढला न्हवता.