चार ओळींची दुरुस्ती

माझ्या सायकलचं चाक तिच्या पांढऱ्या काठीवरून गेलं आणि काठीचे दोन तुकडे झाले. अशी आमची ओळख झाली.

सिग्नल तिचा होता. लाल दिवा सायकलवाल्यांसाठी नसतो, असं मला तेव्हा वाटायचं. ती पडली नाही, गुडघा टेकला फक्त. मी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिलो.

"सायकलला घंटी आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"शोभेची का?"

मी हात पुढे केला. "हात नको. काठीचा मोठा तुकडा द्या," ती म्हणाली आणि तेवढ्यावर रस्ता ओलांडून गेली.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. रोज संध्याकाळी वाहतूक पोलिसांकडून किरकोळ अपघातांची यादी यायची, मी प्रत्येकाच्या चार ओळी करायचो. चौकातल्या हवालदाराने आमचाही अपघात नोंदवला होता. खोटं लिहायला मी बसलो नव्हतो. पण पायी चालणारा माणूस असला की हात सवयीने 'अचानक आडवा आल्याने' असं लिहायचा. तसंच झालं... 'अंध तरुणी अचानक आडवी आल्याने सायकलस्वाराचा तोल गेला.'

दोन दिवसांनी फोन आला.

"या चार ओळी कोणी लिहिल्या?"

आवाज लगेच ओळखला. "मी."

"अरे वा... म्हणजे घंटीवालेच."

ती एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. तिथल्या साहेबांनी बातमी वाचून आणि तिची तुटकी काठी पाहून तिला सांगितलं होतं – सोमवारपासून सोबत घरचं माणूस असेल तरच कामावर या. वडील नोकरीला, आई अंथरुणाला. माणूस आणायचा कुठून?

"मी येतो," मी बोलून गेलो.

"तुम्ही? म्हणजे आगीतून फुफाट्यात."

ती रागावली होती की हसत होती, मला कळेना. समोरचा चहा निवून गेला.

तिला सोबत नको होती, पेपरात दुरुस्ती हवी होती. मग तीन दुपारी आम्ही ती फोनवर लिहिली.

"'चूक झाली' नको. कोणाची झाली ते लिहा."

"'अंध' काढू?"

"माझ्या कामाचं लिहा आधी. आणि काठी राहू द्या. ती तुम्हाला दिसायला हवी होती."

तिसऱ्या दिवशी मजकूर पुरा झाला, तरी मी एकेक शंका काढत राहिलो.

"आता काय, स्वल्पविरामावरून भांडायचंय?" ती म्हणाली.

"चालेल."

तिने फोन ठेवला. मी चुकीचं बोललो की बरोबर... काहीच समजेना.

दुरुस्तीत लाल दिवा तोडणारा म्हणून माझं नाव होतं. संपादकांनी कपाळाला हात लावला, पण छापली. मला मात्र हवामानाच्या बातम्यांवर बसवलं. म्हणाले, "तिथे तरी कोणाला आडवं आणू नकोस."

शनिवारी ती सुटायच्या वेळी मी हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा राहिलो.

"साहेबांनी वाचली," ती म्हणाली. "सोमवारी एकटीच येणार मी."

"मग आज... घरी सोडायला येऊ?"

"आत्ताच तर सुटले सोबतीतून."

माझा गोंधळ उडाला. तिने एकटीने चालावं म्हणून मी नाव छापलं, आणि आता मलाच तिच्याबरोबर चालायचं होतं.

"मला नीट सांगता येत नाही," मी म्हणालो. "तुम्हाला सांभाळायला नाही यायचं मला. पण यायचंय."

तिने नवी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मग गप्पा मारायला या," ती म्हणाली. "सायकल हातात धरून. आणि चौक आला की गप्प बसायचं, मला गाड्या ऐकू येऊ द्यायच्या."

चौकात मी गप्प बसलो. ती थांबली, कान दिला, निघाली. मी मागून. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, "आता बोला. काय म्हणत होतात स्वल्पविरामाचं?"

वर्षभरात आमचं लग्न झालं. पुढची सव्वीस वर्षं ती त्याच चौकातून कामावर एकटी गेली आणि एकटी आली. गेल्या महिन्यात आजारपणात गेली.

लोक भेटायला येतात. म्हणतात, "किती सांभाळलंत हो तिला." मी दुरुस्ती करतो, "सांभाळलं नाही हो. गप्पा मारल्या."